वाचकांचे प्रश्न : वर्षभराचे उपक्रम ठरवताना

प्रश्न : सोलापुरातील एका सेवाभावी क्लबचा मी येत्या 1 जुलैपासून अध्यक्ष होत आहे. आमचे 42 सभासद आहेत, पण प्रत्यक्ष कामाला बारा-पंधरा जणच येतात. नियोजनाच्या सभेत प्रत्येकाने सुचवलेले उपक्रम फळ्यावर लिहिले, तेव्हा ते 27 भरले. त्यांपैकी काही गाळावे तर सुचवणारा नाराज होतो आणि सगळे घ्यावे तर एकही धड होणार नाही, अशी भीती वाटते. वर्षाची उद्दिष्टे कशी ठरवावीत?

उत्तर : आपली भीती रास्त आहे. पंधरा माणसांनी 27 उपक्रम करायचे, तर प्रत्येक ठिकाणी बॅनर लावून, छायाचित्र काढून परत येण्यापलीकडे वेळच उरत नाही. म्हणून फळ्यावरच्या प्रत्येक उपक्रमापुढे एकच प्रश्न लिहावा : आपण तिथे दुसऱ्यांदा केव्हा आणि कोण जाणार? ज्यापुढे तारीख आणि नाव लिहिता येत नाही, तो उपक्रम यंदा नको.

हे मी अनुभवाने सांगते. काही वर्षांपूर्वी विडी घरकुल या विडी कामगारांच्या वसाहतीतील एका चष्मेवाटपाला मी हजर होते. दोन महिन्यांनी दुसऱ्या कामासाठी त्याच गल्लीत गेले, तेव्हा चष्मा मिळालेल्यांपैकी एक बाई दारात सूप मांडीवर घेऊन विड्या वळत बसल्या होत्या. पान कापून, तंबाखू भरून वळणे सवयीने होत होते. दोरा बांधताना मात्र त्या हात डोळ्यांपासून लांब, उजेडाकडे नेत होत्या. चष्म्याचे विचारल्यावर त्यांनी फडताळातून डबी काढून दाखवली. एका काडीचा स्क्रू पडला होता आणि तो कुठे बसवून घ्यायचा हे त्यांना ठाऊक नव्हते. महिन्याभराने कुणी चौकशीला गेले असते, तर ते काम दोन मिनिटांचे होते. चाळिशी उलटलेल्या विडी कामगार किंवा शिवणकाम करणाऱ्या बाईचा रोजगार जवळच्या नजरेवर चालतो, त्यामुळे हा उपक्रम आपल्या शहरात खरोखर मोलाचा आहे आणि आपण तो अवश्य घ्यावा. परंतु शंभर चष्म्यांचे एक शिबिर घेण्याऐवजी चाळीस चष्मे आणि दुरुस्ती-चौकशीच्या दोन फेऱ्या, असे उद्दिष्ट ठेवावे. पूर्व भागात जाणार असाल, तर सोबत तेलुगू बोलणारा सभासद असू द्यावा. तक्रार माणूस आपल्या घरच्या भाषेतच मोकळेपणाने सांगतो.

रक्तदानाचा विचार थोडा वेगळा करावा लागतो, कारण तिथे संख्येपेक्षा तारीख महत्त्वाची असते. लाल पेशी साधारण 35 ते 42 दिवस टिकतात आणि प्लेटलेट्स अवघे 5 दिवस. 15 ऑगस्टला सगळ्याच संस्थांनी शिबिरे घेतली, तर रक्तपेढीत एकदम साठा होतो. एप्रिल-मेमध्ये महाविद्यालयांना सुट्ट्या, अंगाची काहिली करणारे ऊन, आणि नेमक्या त्याच दिवसांत रुग्णांचे नातेवाईक दात्यांसाठी धावाधाव करत असतात. म्हणून जूनमध्येच रक्तपेढीत जाऊन त्यांना तुटवडा कोणत्या आठवड्यांत जाणवतो हे विचारावे आणि शिबिर त्या आठवड्यांत ठेवावे. पुरुषांना 3 महिन्यांनी व स्त्रियांना 4 महिन्यांनी पुन्हा रक्तदान करता येते. हा हिशेब धरून आपल्या दात्यांचे तीन गट पाडले, तर वर्षभर थोडे थोडे रक्त जात राहील. जानेवारीत ग्रामदैवत सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेच्या दिवसांत मात्र काही ठेवू नये, कारण त्या दिवसांत गावाचे लक्ष तिकडेच असते.

वृक्षारोपणाबाबत थोडक्यात सांगायचे तर, जिथे नळाला काही दिवसांआड पाणी येते त्या शहरात मार्च ते मे पाणी कोण घालणार हे ठरल्याशिवाय खड्डासुद्धा खणू नये.

नाराजीचे म्हणाल, तर ज्याचा उपक्रम गळला त्याला घेतलेल्या उपक्रमाची ‘दुसरी फेरी’ सोपवावी. शिवाय आपल्यानंतर अध्यक्ष होणाऱ्या सभासदाला आतापासूनच नियोजनात बसवावे. मोठे काम एका अध्यक्षाच्या वर्षात संपत नाही. रोटरी या सेवाभावी क्लबांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेने 1985 मध्ये पोलिओ निर्मूलनाचे काम हाती घेतले. भारतातील शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 रोजी आढळला आणि 27 मार्च 2014 रोजी आपला देश पोलिओमुक्त म्हणून प्रमाणित झाला. सरकारी यंत्रणा, आरोग्य सेविका, जागतिक संस्था अशा असंख्य हातांचे ते यश आहे, पण त्या सगळ्या काळात क्लबांचे अध्यक्ष दरवर्षी बदलत गेले आणि उद्दिष्ट मात्र तेच राहिले. आपल्या 27 पैकी निदान एक उपक्रम तीन वर्षांच्या बेताने घ्यावा, असे मी आग्रहाने सुचवीन.

प्रश्न : मी अशाच एका क्लबची सभासद आहे. नियोजन पुरुष पदाधिकारी करतात आणि आम्हा स्त्रियांच्या वाट्याला रांगोळी व पाहुण्यांचे स्वागत येते. यंदा हे बदलावे असे वाटते. कसे बोलावे?

उत्तर : संकोच न करता बोलावे. रोटरी आणि लायन्स या दोन्ही संघटनांची दारे स्त्रियांना 1980च्या दशकाच्या अखेरीस उघडली. पुढे 2018 मध्ये लायन्सच्या आणि 2022 मध्ये रोटरीच्या आंतरराष्ट्रीय अध्यक्षपदी प्रथमच स्त्री आली. त्यामुळे आपण मागता ते नियमाबाहेरचे मुळीच नाही. मात्र सभेत ‘आम्हालाही काम द्या’ असे मोघम न म्हणता एखाद्या उपक्रमाचे प्रकल्पप्रमुखपद नाव घेऊन मागावे. त्यासोबत अंदाजपत्रक आणि खर्चाचा अधिकारही मागावा, आणि ठराव इतिवृत्तात नोंदवून घ्यावा. ही मागणी जूनच्या सभेतच करावी, कारण पदग्रहण होऊन समित्या जाहीर झाल्या की पुढचे वर्षभर त्यांत सहसा कुणी हात घालत नाही.