बी.एस्सी. सोडून नाटकाला जाऊ द्यावं का?

ताई, नमस्कार.

तुमची मुलगी बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहे, केमिस्ट्री मुख्य विषय. एका पेपरात एटीकेटी लागली आहे. कॉलेजच्या एकांकिकांमध्ये ती पुरती रमली आहे आणि आता पदवी सोडून नाटकाच्या अभ्यासक्रमाला जायचं म्हणते. तिच्या वडिलांना हे हिरॉईन व्हायचं खूळ वाटतं. अडवू की जाऊ देऊ, असं तुम्ही विचारलंय.

जाऊ द्या, पण पदवी हातात आल्यावर. पुढेमागे नोकरीला उपयोगी पडेल म्हणून हे सांगत नाही; तिला जिथे जायचंय तिथलीच ही अट आहे. दिल्लीच्या राष्ट्रीय नाट्य विद्यालयाचा तीन वर्षांचा अभ्यासक्रम पदवीधरांसाठीच आहे आणि त्याआधी ठरावीक संख्येने नाटकांत काम केल्याचा पुरावाही लागतो. पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपटशिक्षण देणाऱ्या संस्थेतल्या बहुतेक अभ्यासक्रमांनाही पदवी लागते. मुंबई विद्यापीठाच्या अकॅडमी ऑफ थिएटर आर्ट्समधलं शिक्षण पदव्युत्तर आहे. पुणे विद्यापीठाच्या ललित कला केंद्रात बारावीनंतर नाटकात बी.ए. करता येतं, हे खरं. आज ती बारावीत असती, तर मी तुम्हाला तिकडेच पाठवलं असतं. पण अर्धी वाट चालून झाल्यावर पुन्हा पहिल्या वर्षापासून सुरुवात कशासाठी?

तुमच्या पत्रातली एक गोष्ट मात्र तुम्ही दोघांनीही नीट पाहिलेली नाही, असं मला वाटतं. ती एकांकिकांमध्ये काय करते? तुम्हीच लिहिलंय: मेकअप तिच्याकडे असतो, गेल्या वर्षी जखमेचे व्रण तिने घरीच तयार केले आणि प्रकाशयोजना करणाऱ्या मुलाच्या हाताखाली ती रात्र रात्र बसते. अभिनयाचा उल्लेख पत्रात कुठेच नाही. म्हणजे वडील ज्या गोष्टीला घाबरताहेत, ती कदाचित तिला करायचीच नाहीये. तिच्याशी बोलताना ‘तुला नाटकात नेमकं काय करायचंय?’ इथून सुरुवात करा.

कारण रंगभूषा हे जवळजवळ तिच्याच विषयाचं काम आहे. कृत्रिम नाक किंवा जखम करायला सिलिकोन, लेटेक्स, जिलेटिन वापरतात. कोणता पदार्थ किती वेळात घट्ट होतो, त्वचेला कोणता डिंक चालतो, लेटेक्सची ॲलर्जी असलेल्या नटाला काय लावायचं, हे समजून काम करणारा माणूस आणि नुसतं पाहून शिकलेला माणूस यांत फरक पडतो. रंगमंचावरच्या धुराचंही तसंच. त्यासाठी वापरतात तो कोरडा बर्फ म्हणजे घन कार्बन डायऑक्साइड, उणे 78 अंशांचा. उघड्या हाताने धरला तर त्वचा भाजल्यासारखी होते आणि बंद जागेत वायू साचला तर जीव गुदमरतो.

आणखी एक क्षेत्र सांगतो, ज्याबद्दल मला फार जिव्हाळा आहे. जुने चित्रपट जतन करणं. 1950च्या सुमारापर्यंत फिल्म सेल्युलोज नायट्रेट नावाच्या प्लास्टिकवर असे. ती भयंकर ज्वालाग्राही. 2003 साली पुण्यात लागलेल्या आगीत प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्या मूळ नायट्रेट प्रती गेल्या. त्यानंतरची ॲसिटेट फिल्म जळत नाही सहजी, पण उष्ण, दमट हवेत तिचं विघटन होऊन ॲसेटिक आम्ल सुटतं, डब्याला व्हिनेगरचा वास येतो आणि रीळ आकसतं. हे थांबवता येत नाही, फक्त थंड, कोरड्या जागेत लांबवता येतं. पुण्यात 1964 साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय हे जतनाचं काम करतं, मुंबईची फिल्म हेरिटेज फाउंडेशन या कामाच्या कार्यशाळा घेते. जागा थोड्या आहेत, हेही लक्षात असू द्या. पण केमिस्ट्री येणारी आणि सिनेमा-नाटकावर जीव असणारी माणसंही थोडीच आहेत.

पैशांचं तिच्या वडिलांना मोकळेपणाने सांगा. नाटकात मानधन प्रयोगागणिक, ‘नाइट’वर मिळतं, प्रयोग नाही तर पैसे नाहीत. मालिकांमध्ये दिवसावर ठरतं आणि हाती पडायला अनेकदा तीन महिने लागतात. पहिली काही वर्षं घराने आधार द्यावा लागेल. तो किती आणि कधीपर्यंत, हे तिघांनी आधीच बसून ठरवा. आणि पोर्टफोलिओसाठी पैसे घेऊन काम मिळवून द्यायची हमी देणाऱ्यांच्या दारात जाऊ नका.

आता लगेच करायचं ते असं. एटीकेटी पहिल्याच संधीत सोडवू द्या. परीक्षेआधीच्या महिन्यात तिने तालमी बंद ठेवाव्यात, हे तिच्याकडूनच कबूल करून घ्या. सुट्टीत एखाद्या व्यावसायिक रंगभूषाकाराच्या हाताखाली तिला काम मिळतंय का, ते पाहा. कॉलेजच्या नाट्यमंडळाच्या सरांकडून ओळख निघेल. ध्वनिमुद्रण आवडत असेल, तर एफटीआयआयच्या त्या अभ्यासक्रमाला बारावीला फिजिक्स असावं लागतं आणि ते तिचं झालेलं आहे. आणि आजवर केलेल्या प्रत्येक एकांकिकेचं प्रमाणपत्र, माहितीपत्रक, तिचं नाव असलेली श्रेयनामावली एका फाइलमध्ये लावायला सांगा. प्रवेशाच्या वेळी हे कागद मागतात, आणि तोपर्यंत निम्मे हरवलेले असतात.