टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर डॉक्टरांनी मुलाला अँटिबायोटिक दिलंच नाही. आपण मेडिकलमधून आणून द्यावं का?

नाही. याच गोष्टीवरून माझं आणि दाजींचं सहा महिने बोलणं बंद होतं, म्हणून लिहितोय.

माझं अमळनेरला मेडिकल आहे. भाच्याचं ऑपरेशन जळगावला झालं, तेव्हा तो सात वर्षांचा. चिठ्ठीवर फक्त पॅरासिटामॉल आणि आयबुप्रोफेन. दाजींनी चिठ्ठी काउंटरवर आपटली, "हाऊ कसाना डाक्टर?" म्हटलं, दाजी, अमेरिकेतल्या कान-नाक-घसा डॉक्टरांच्या संघटनेची 2019 ची मार्गदर्शिका हेच सांगते. ऑपरेशन चालू असताना शिरेतून डेक्सामेथासोन या स्टेरॉइडचा एक डोस, दुखण्यावर ही दोन औषधं, अँटिबायोटिक नको. "अमेरिका ठेव तुझ्या गल्ल्यात," म्हणाले.

तिसऱ्या दिवशी घशात पांढरं दिसलं. दाजींचं निदान: पू. अहो, ती खपली! कानही दुखायला लागला. घशाचीच कळ कानात जाते, कानाला काही झालेलं नसतं. पण ऐकतंय कोण? पारोळ्याहून बिनचिठ्ठीचं अँटिबायोटिक आलं, वर खोकल्याचं कोडीनवालं सिरप.

अँटिबायोटिकपेक्षा त्या बाटलीने माझं डोकं फिरलं. कोडीनचं शरीरात मॉर्फिन होतं. काही मुलांमध्ये ते इतकं झपाट्याने होतं की श्वास मंदावतो, आणि हा पोरगा तर घोरण्यापायीच ऑपरेशनला गेलेला. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने 2013 मध्ये यावर कडक इशारा छापायला लावला, 2017 मध्ये बारा वर्षांखालच्यांना पूर्ण मनाई केली. या ऑपरेशननंतर ट्रॅमाडॉल हे दुखण्यावरचं औषध तर अठरापर्यंत नको. बाटली मी मोरीत ओतली. ताई मधे पडली म्हणून निभावलं.

अँटिबायोटिक मात्र तोवर सुरू झालं होतं. जुलाब लागले, दुखतं म्हणून पोरगा पाणी गिळेना, शेवटी सलाईन. दाजी अजून म्हणतात, सलाईन ऑपरेशनमुळे लागलं. आणि म्हणतात, तूही दहा वर्षं अशाच गोळ्या विकल्यास. विकल्या, खोटं कशाला बोलू.

तुमच्या मुलाला हृदयाचा आजार असेल तर गोष्ट वेगळी, ते सर्जनला विचारा. पॅरासिटामॉल वजनावर, एका डोसला किलोमागे 15 मिलिग्रॅम, चमच्याच्या अंदाजाने नाही. ताप-दुखण्यावरचं निमेसुलाइड घरात पडलं असेल तर फेका, बारा वर्षांखालच्यांना ते आपल्याकडे 2011 पासून बंद आहे. आणि पाचव्या ते दहाव्या दिवसात तोंडातून ताजं लाल रक्त आलं, थोडं का होईना, तर थेट दवाखाना गाठा. मेडिकलवाल्याला फोन करत बसू नका, मलाही नाही.