श्वास आधी की रक्त आधी?

तुम्ही विचारलंय: "प्रथमोपचाराच्या वर्गात 'आधी श्वास बघा' असं शिकवलं. पण समोर मांडीतून रक्त वाहत असेल तरी छातीकडेच बघत बसायचं का? आणि मुका मार, कापणं, काही रुतणं यात वेगवेगळं काय करायचं?"

नाही, बसायचं नाही. रक्त चिळकांडी मारत असेल किंवा जमिनीवर थारोळं साचत असेल, तर आधी ते दाबायचं. मांडीतली मोठी धमनी फाटली तर माणूस काही मिनिटांत जातो. पण असं रक्त क्वचितच दिसतं. बाकी सगळ्या वेळी आधी श्वास.

मी इमर्जन्सी विभागात नर्स आहे, आणि हे मी चूक करून शिकले. एकदा एकाच अपघातातले दोघे आले. एकाचं डोकं फुटलेलं, चेहरा रक्ताने माखलेला, आरडाओरडा चाललेला. मी त्याच्याकडे धावले. डोक्याच्या कातडीत रक्तवाहिन्या इतक्या असतात की लहानशी जखमही भयंकर दिसते. दुसरा गप्प बसून होता, छातीवर फक्त एक निळसर वण. त्याचा श्वास मोजला तेव्हा मिनिटाला ३४ भरला. एका बाजूची छाती हलतच नव्हती. आत हवा साठून फुप्फुस दबलं होतं. ओरडणाऱ्याचा श्वास निदान चालू असतो, ही गोष्ट तेव्हापासून डोक्यात पक्की बसली.

मोठ्या माणसाचा श्वास शांत बसलेला असताना मिनिटाला १२ ते २० असतो. ३० सेकंद मोजून दुप्पट करा. अनियमित वाटला तर पूर्ण मिनिट मोजा. मात्र 'श्वास मोजतेय' असं सांगू नका, सांगितलं की माणूस वेगळाच श्वास घ्यायला लागतो. मी मनगट धरून नाडी बघतेय असं दाखवते आणि नजर छातीवर ठेवते. आकड्याइतकंच बाकीचंही बघा: दोन्ही बाजू सारख्या उचलल्या जातात का, मानेचे स्नायू ताणले जातात का, एक पूर्ण वाक्य एका दमात बोलता येतं का. घोरल्यासारखा आवाज म्हणजे बहुधा जीभ मागे पडलीय, गुळगुळ म्हणजे घशात रक्त किंवा उलटी. बेशुद्ध माणूस मधूनच मासोळीसारखा आ वासत असेल, तर त्याला श्वास समजू नका. लगेच छाती दाबायला सुरुवात करा. बोटाला लावायच्या ऑक्सिमीटरवर फार विसंबू नका. बोटं गार पडली की तो काहीही दाखवतो.

आता जखमा. वाहणाऱ्या जखमेवर स्वच्छ कापड ठेवून हाताने घट्ट दाबा आणि निदान १० मिनिटं सोडू नका. लोक दर मिनिटाला कापड उचलून 'थांबलं का' बघतात आणि नुकतीच धरलेली गुठळी स्वतःच उखडतात. कापड भिजलं तर त्यावर दुसरं ठेवा. हातापायाचं रक्त दाबूनही थांबत नसेल तर टूर्निकेट (रक्त अडवायला हातापायाभोवती आवळायचा पट्टा): जखमेपासून ५ ते ७ सेंटिमीटर वर, धडाच्या बाजूला, सांध्यावर नाही, आणि बांधल्याची वेळ लिहून ठेवा. रुतलेली वस्तू काढू नका, कारण बऱ्याचदा तीच बुचासारखी बसलेली असते. तिच्या दोन्ही बाजूंनी दाबा आणि ती हलणार नाही असं बांधा. पोटातून आतडं बाहेर आलं असेल तर आत ढकलू नका, ओल्या स्वच्छ कापडाने झाका. छातीला भोक पडलं असेल तर ते हवाबंद करू नका. खरचटलं असेल तर वाहत्या पाण्याने धुवा, बस्स.

मुक्या माराला लोक हलक्यात घेतात. कापडात गुंडाळलेला बर्फ १५-२० मिनिटं, भाग उंच, आणि चोळणं अजिबात नाही. पण पोटरी किंवा हात दगडासारखा कडक झाला, बोटं बधिर झाली, बोटं नुसती ताणली तरी माणूस कळवळला, तर बर्फ बाजूला ठेवा आणि तडक हॉस्पिटल गाठा. आत दाब वाढून स्नायू मरत असतो, आणि ते काही तासांतच कायमचं होतं.

रुग्ण आमच्याकडे आणाल तेव्हा श्वासाचे आकडे वेळेसकट चिठ्ठीवर लिहून आणा. १८, मग २४, मग ३०, एवढं दिसलं तरी आम्ही जखमेची पट्टी सोडायच्या आधी छातीला स्टेथोस्कोप लावतो.