ती सासूबाईंजवळच का बसते?

‘मावशी, दोन महिन्यांपूर्वी आम्ही एका संस्थेकडून सहा वर्षांची लॅब (लॅब्रेडॉर जातीची कुत्री) मादी दत्तक घेतली. ब्रीडरनं तिच्याकडून पिल्लांमागून पिल्लं घेतली आणि शेवटी रस्त्यावर सोडून दिली. वजन वाढलं की नसबंदीचं ऑपरेशन करा, असं संस्थेनं सांगितलंय. नाव ठेवलंय चिकू. दिवसभर पलंगाखाली असते. माझ्या हातून खात नाही. नवरा घरी आला की जागच्या जागी मुतते, मग तो ओरडतो. सासूबाईंचा पहिल्यापासून विरोध, त्या तिच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत. गंमत म्हणजे दुपारी त्या भाजी निवडायला बसल्या की चिकू स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी जाऊन पडते! मी एवढं करते, पण माझ्याकडे येत नाही. गेल्या आठवड्यापासून पाणीही फार पितेय, जेवण कमी झालंय. परत देऊन टाकू का?’
– हिरमुसलेली, ठाणे

अगं, पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तू ‘गंमत म्हणजे’ म्हणून उरकून टाकलीस. सासूबाई तिला हाक मारत नाहीत, तिच्यावर वाकत नाहीत, ‘ये ना गं बाळा’ करत नाहीत. म्हणून तर ती तिथं जाऊन पडते. सहा वर्षं माणसाचा हात तिच्याकडे आला तो तिला धरायला, नाहीतर कुशीतलं पिल्लू उचलून न्यायला. तुझाही हातच आहे, आणि तो दिवसातून दहा वेळा पलंगाखाली येतो.

तेव्हा काही दिवस सासूबाईंची नक्कल कर. पलंगापासून चार हात लांब, तिच्याकडे पाठ करून जमिनीवर बस. शेंगा सोल, मोबाइल बघ. मध्येच उकडलेल्या चिकनचा नखाएवढा तुकडा मागे टाक. तिनं खाल्ला का, हे वळून बघायचं नाही. (तुला हेच सगळ्यात जड जाणार.) ती उगाच जांभया द्यायला लागली, नाकावरून जीभ फिरवायला लागली किंवा डोळ्यांचा पांढरा भाग दिसेल असं तिरकं बघायला लागली, तर तू फार जवळ आलीस असं समज आणि मुकाट्यानं लांब सरक. पलंगाखालून ओढून काढणं मात्र कायमचं बंद. खाणं आणि फिरणं रोज ठरल्या वेळी.

नवऱ्याला सांग, ती त्याला चिडवायला मुतत नाही. घाबरलेलं कुत्रं समोरच्यापुढे असंच नमतं घेतं. ओरडलं की आणखी मुतणार. त्यानं घरात शिरताना तिच्याकडे बघू नये, बोलू नये, चपला काढता काढता एक खाऊ बाजूला टाकून आत निघून जावं. एरवीच्या शूचं म्हणशील, तर पिंजऱ्यात वाढलेल्या कुत्रीला त्यासाठी बाहेर जायचं असतं हेच कुणी शिकवलेलं नसतं. झोपून उठल्यावर आणि जेवल्यावर खाली ने, बाहेर केली की तिथंच खाऊ दे. लादी नुसती फिनेलनं पुसलीस तर वास आपल्या नाकापुरता जातो, तिच्या नाही. पेट शॉपमध्ये एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापर.

खाली नेताना गळ्यातला पट्टा आणि छातीभोवतीचा हार्नेस दोन्ही घाल, दोन्हींना दोरी हवी. अशी कुत्री एका हॉर्ननं बिथरते, मागे सरकत पट्ट्यातून डोकं काढते आणि सुसाट सुटते. अजून तिला घराचा रस्ताही ठाऊक नाही.

आता परत देण्याचं. दोन महिने फार थोडे आहेत, माझं मत थांब असंच आहे. पण ती कदाचित जन्मभर बुजरीच राहील, पाहुणे आले की आत पळेल. अशी कुत्री चालणार असेल तरच थांब. नसेल, तर परत देण्यात पाप नाही. फक्त जिथून आणलीस त्या संस्थेकडेच दे. व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर ‘चांगलं घर हवंय’ असं टाकू नकोस. नसबंदी न झालेली लॅब मादी फुकट मिळतेय म्हटल्यावर पहिला फोन ब्रीडरचाच यायचा.

सासूबाईंना यातलं काही समजावत बसू नकोस. त्यांना भाजी निवडू दे.

आणि ते पाण्याचं. याला मात्र थांबू नकोस. ऑपरेशन न झालेल्या वयस्क मादीच्या गर्भाशयात पू होऊ शकतो, बहुतेकदा माजावर येऊन गेल्यानंतरच्या काही आठवड्यांत. पाणी वाढणं, खाणं तुटणं, मलूल होणं ही त्याचीच लक्षणं. पू बाहेर येतोच असं नाही, त्यामुळे वरून काही दिसलं नाही म्हणून निश्चिंत राहू नकोस. जीव जाण्याइतका हा आजार गंभीर आहे. मूत्रपिंडाचं दुखणं, मधुमेह यांतही पाणी वाढतं. आजच डॉक्टरांकडे ने. ती शेवटची माजावर कधी होती ते संस्थेला विचारून घे, सोनोग्राफी आणि रक्ततपासणी करायची का ते डॉक्टरांना विचार. रक्त काढतीलच, तर गोचीडतापाचीही तपासणी करून घे. हे वाचून झालं की आधी फोन लाव.