स्वतःच्या कर्नलमध्ये रीड, राइट, क्लोज यांचे इंटरफेस कसे ठरवावेत?

जळगावला कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी छोटं कर्नल लिहिताय आणि रीडला कोणती आर्ग्युमेंट्स द्यावीत, ऑफसेट (फाइलमध्ये वाचन-लेखन कुठवर आलं ती जागा) कुठे ठेवावा, असं विचारलंय. आधी ऑफसेटचं ठरवा, बाकीचं बरंचसं त्यावरून ठरतं.

ऑफसेट इनोडमध्ये, म्हणजे डिस्कवरच्या फाइलच्या एकमेव नोंदीत, ठेवू नका. एकच फाइल दोन प्रोग्रामनी उघडली की ते एकमेकांची जागा सरकवतील. डिस्क्रिप्टरच्या (प्रोग्रामला मिळणारा उघडलेल्या फाइलचा क्रमांक) टेबलातही नको, कारण फोर्क (प्रोसेसची प्रत, म्हणजे चाइल्ड, बनवणं) किंवा डुपनंतर (डिस्क्रिप्टरची प्रत बनवणं) दोन्ही डिस्क्रिप्टरचा ऑफसेट एकच राहायला हवा; नाहीतर पॅरेंट आणि चाइल्ड एकाच लॉगमध्ये एकमेकांच्या ओळींवर लिहितात. म्हणून मध्ये 'उघडलेली फाइल' हे तिसरं स्ट्रक्चर हवंच. दर ओपनला ते नवं बनतं. त्यात ऑफसेट, फ्लॅग, रेफरन्स काउंट (किती डिस्क्रिप्टर ते वापरतात) आणि ड्रायव्हरसाठी एक मोकळा पॉइंटर.

रीडला लिनक्ससारखी चार आर्ग्युमेंट्स पुरतात: हे स्ट्रक्चर, युजरचा बफर, किती बाइट, आणि ऑफसेटचा पॉइंटर. ऑफसेट स्ट्रक्चरमध्ये असताना पुन्हा वेगळा कशाला? प्रीडसाठी, म्हणजे दिलेल्या जागेवरून वाचणाऱ्या कॉलसाठी. तिथे वरचा थर (ड्रायव्हरला बोलावणारा कर्नलचा भाग) लोकल व्हेरिएबलचा पत्ता देतो, मूळ ऑफसेट जागचा हलत नाही आणि ड्रायव्हरचा कोड तोच राहतो. ऑफसेट साइन्ड ६४ बिटांचा ठेवा.

रिटर्न व्हॅल्यू म्हणजे प्रत्यक्ष दिलेले बाइट; शून्य म्हणजे फाइल संपली, ऋण म्हणजे एरर. समजा फाइलमध्ये 'रावेर' एवढीच ओळ आहे. यूटीएफ-८ मध्ये १५ बाइट, न्यूलाइन धरून १६. प्रोग्रामने १०-१० बाइट मागितले तर १०, मग ६, मग ० मिळायला हवेत. पहिल्या वेळी 'वे'ची मात्रा पहिल्याच बाइटवर तुटते. तुटू द्या, अक्षरं जोडणं हे प्रोग्रामचं काम, कर्नलने फक्त बाइट मोजावेत. ऑफसेट पुढे न्यायचा राहिला तर कॅट (फाइल छापणारी कमांड) तीच ओळ थांबवेपर्यंत छापत बसतो.

युजरच्या बफरवर थेट मेमकॉपी करू नका. पत्ता चुकीचा असला तर कर्नलच कोसळेल. लिनक्सचं कॉपी-टू-युजर हे फंक्शन कॉपी *न झालेल्या* बाइटची संख्या परत देतं, सगळं नीट झालं तर शून्य. तीच व्हॅल्यू रीडमधून रिटर्न केली की प्रोग्रामला वाटतं फाइल संपली. ही चूक फार होते.

ड्रायव्हरला एखादं फंक्शन नसेल तर त्या फंक्शनचा पॉइंटर नल ठेवा. कॉल करण्याआधी वरच्या थराने तपासून एरर द्यावी.

ड्रायव्हरचं रिलीज (शेवटची आवराआवर करणारं फंक्शन) दर क्लोजला नाही, रेफरन्स काउंट शून्यावर आल्यावरच बोलवा. डेटा डिस्कवर गेला की नाही हे क्लोजवर सोडू नका, त्यासाठी एफसिंक (डेटा डिस्कवर लिहायला लावणारा कॉल) वेगळं ठेवा.