ट्रॅकला वाकून

सई,

परवा गाडीत तू विचारलंस आणि मी "घरी गेल्यावर बोलू" म्हणून टाळलं. घरी आल्यावर तू हेडफोन घातलेस, मी भांडी घासायला घेतली, आणि राहिलंच. म्हणून लिहिते. लांबेल, सवडीने वाच. नाही वाचलंस तरी मी विचारणार नाही. (विचारेन. एकदाच.)

तू म्हणालीस, "आई, तो ट्रॅक आहे, देव नाही. सगळ्यांसमोर त्याच्या पाया कशाला पडतेस?" मग हळूच दुसरंही सांगितलंस. तुझ्या रिलेतल्या त्या उंच मुलीने तुला विचारलं होतं, तुझ्या आईचं काही पडलंय का, शोधू लागू का? तिचा राग नाही आला, बिचारी मदतच करत होती. लागलं ते तुझं उत्तर. तू तिला म्हणालीस, "हो, हेअरक्लिप."

खरं सांगू? मी ठरवून काही केलं नाही. तुझ्या शाळेच्या शर्यतींत वेळ मोजायला हातात स्टॉपवॉच दिलं, पांढरी रेघ ओलांडून आत जायला सांगितलं आणि हात आपोआप खाली गेला. ट्रॅकला लागला, मग कपाळाला. पस्तीस वर्षांनी.

माझी शाळा तू पाहिली आहेस. दादरला सुमामावशीसाठी साड्या घ्यायला गेलो होतो तेव्हा मी बोट दाखवलं आणि तू म्हणालीस, "हीच?" हीच. खाली झेरॉक्सवाला, वर वर्ग, सकाळी प्राथमिक, दुपारी आम्ही. तुझ्या शाळेच्या लॉबीत जुन्या रेकॉर्डवाल्यांची नावं भिंतभर लावली आहेत, पार तुझ्या पणजीच्या काळापासूनची. आमच्याकडे हेडमास्तरांच्या खोलीत एक काचेचं कपाट होतं. त्यात लाकडी ढाली होत्या आणि त्यांचे पत्र्याचे बिल्ले एकेक करून गळत होते. कुठल्या साली काय जिंकलं ते शिपाईमामांना पाठ, म्हणजे तेच आमचे रेकॉर्ड बुक. मैदान नव्हतं. खो-खोच्या सरावाला पालिकेच्या मैदानावर जायचं, तेही चार संघांत वाटून. पलीकडे कबड्डीची पोरं, कोपऱ्यात गणपतीआधी लेझीमवाले. रविवारी शिवाजी पार्क.

त्या पार्कचं तुला मागे सांगितलं होतं, विसरली असशील. 1925 मध्ये पालिकेने ते खुलं केलं तेव्हा नाव होतं माहीम पार्क, शिवाजी पार्क झालं 1927 मध्ये. तिथलं समर्थ व्यायाम मंदिरही 1925 चंच. आम्ही सराव संपला की तिथे मल्लखांब बघत उभ्या राहायचो. आपल्या मिनूएवढी पोरं एरंडेल चोळलेल्या खांबाला हात लावायची, तो हात कपाळाला, आणि पुढच्या क्षणाला डोकं खाली, पाय वर. पैलवान आखाड्याची माती लावतात, ही पोरं खांबाला हात लावतात, आम्ही मैदानाला लावायचो. का, ते कुणी सांगितलं नाही. आम्हीही विचारलं नाही. तू विचारलंस, हे बरंच आहे, असं मी भांडी घासताना स्वतःला समजावत होते.

आता मी खो-खोच का खेळले, ते. आपण नायगावच्या बीडीडी चाळीत राहायचो हे तुला ठाऊक आहे. 160 चौरस फुटांत सहा माणसं. 18 जानेवारी 1982 ला गिरणी संप सुरू झाला. आजोबा त्या दिवशी घरी बसले ते बसलेच, गिरणीत परत गेले नाहीत. मी तेव्हा प्राथमिकमध्ये. आजी खानावळीचे डबे करायला लागली. अशा घरातून क्रिकेटची बॅट कोण मागणार? खो-खोला लागतं काय! दोन खांब, रेघा आखायला फक्की आणि बारा पोरी. बूटसुद्धा नकोत, अनवाणीच खेळायचं. आजोबा म्हणायचे, "बिनभांडवली धंदा आहे, कर."

सरावाआधी आम्हीच झारीने पाणी मारायचो. लाल माती आधी गडद व्हायची, मग तिचा वास यायचा. तो अत्तरात भरून विकतात म्हणे, पण त्यात पायांचा वास नसतो. मग फक्की. आठ चौकोन, आठ जणी आळीपाळीने उलटसुलट तोंडं करून बसलेल्या, नववी धावणारी. मी तिसऱ्या चौकोनात. उकिडवं बसलं की डोळ्यांसमोर फक्त माती आणि समोरून जाणारे पाय दिसतात. मागून पाठीवर थाप पडते, "खो!", आणि एकदा दिशा घेतली की खांबापर्यंत वळता येत नाही. पळणारीला मात्र कुठूनही शिरता येतं, हुलकावण्या देता येतात. हा नियम मला अजून अन्यायाचा वाटतो. सूर मारला की गुडघा, कोपर, हनुवटी सगळं मातीत. माझ्या डाव्या गुडघ्यावरचा तो डाग, तू लहानपणी ज्याला भारताचा नकाशा म्हणायचीस, तो तिथलाच.

आणि हो, फेब्रुवारी 1988. तू ज्या सचिनचं नाव ऐकून डोळे फिरवतेस, त्याने आणि विनोद कांबळीने हॅरिस शील्डच्या, म्हणजे शाळांच्या क्रिकेट स्पर्धेच्या, उपांत्य फेरीत शारदाश्रमकडून 664 धावांची नाबाद भागीदारी केली. सचिन नाबाद 326, कांबळी नाबाद 349. त्यांची शाळा दादरचीच. त्या आठवड्यात आम्ही आंतरशालेय सामना एक डाव राखून जिंकलो होतो आणि ते ऐकायला शाळेत एकाला वेळ नव्हता. बाळूमामाने मात्र चाळीत पेढे वाटले, उधारीचे.

आता तुला जे सांगायचं टाळत होते ते. पीटीचे सर कडक होते. मैदानाला हात न लावता आत पाऊल टाकलं की पाच फेऱ्या. मग ती भक्ती होती की फेऱ्यांची भीती, हे मला आजही नीट सांगता येणार नाही. एका उपांत्य सामन्याला आमची कप्तान रेघेबाहेर नुसतीच उभी राहिली, वाकेना. सर ओरडले. तिने माझ्या कानात सांगितलं, "मला कावळा शिवलाय. मातीला कशी शिवू?" म्हणजे तिला पाळी आली होती. तिच्या घरी त्या दिवसांत कशालाच हात लावायचा नाही, आणि इथे हात लावल्याशिवाय आत जायचं नाही. हे सरांना सांगायची सोय नव्हती. शेवटी आमच्या बाई आल्या. पाच सेकंद तिच्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "मातीला काही कळत नाही गं. लाव हात, लाव आणि पळ." ती वाकली. त्या डावात तीन मिनिटं पळाली. मी मात्र कान देऊन गप्प उभी होते. बाई आल्या नसत्या तर गप्पच राहिले असते.

म्हणून तू "का?" म्हणतेस तेव्हा ठसक्यात उत्तर देता येत नाही. आपली पद्धत आहे म्हणावं, तर ती कप्तान आठवते. सोडून दे म्हणावं, तर हात माझं ऐकत नाही.

गेल्या वर्षी, म्हणजे जानेवारी 2025 मध्ये, दिल्लीत खो-खोचा पहिला विश्वचषक झाला. भारताच्या मुली आणि मुलं दोन्ही जिंकली, दोन्ही अंतिम सामने नेपाळशी. मुलींची कप्तान प्रियांका इंगळे, आपल्या महाराष्ट्राची. बाळूमामाने ग्रुपवर क्लिप टाकली, मी पहाटे स्वयंपाकघरात उभ्याउभ्या बघितली. मॅटवर खेळतात आता. माती नाही, पाणी मारणं नाही, फक्की नाही. तू खाली आलीस, माझे डोळे बघून घाबरलीस आणि विचारलंस, "आजी बरी आहे ना?"

तू वाकावंस असं मला अजिबात वाटत नाही. म्हणजे, थोडं वाटतं, पण ते माझं मी बघेन. तुझं तू आधी दोन उड्या मारतेस, मग बॅटन दोनदा मांडीवर आपटतेस, ते मी कधी विचारलं का?

शनिवारी मला लेन चारचं घड्याळ दिलंय. हाताचा भरवसा नाही. पण तुला पुन्हा खोटं बोलावं लागू नये म्हणून जाताना एक हेअरक्लिप मुठीत ठेवीन, निळी, मोठी. खाली वाकले तर ती आधी टाकते आणि मग उचलते.

आई