ओरिओल्सची गाणी: 'रिदम अँड ब्लूज', 'डू-वॉप' की 'वृंदगान'?

प्रश्न असा आला आहे: ओरिओल्स या अमेरिकन गटाच्या १९४८-४९च्या ध्वनिमुद्रिकांबद्दल मराठीत लिहायचं, तर त्यांना 'रिदम अँड ब्लूज' म्हणावं की 'डू-वॉप'? आणि 'व्होकल ग्रुप'साठी 'वृंदगान' चालेल का?

'रिदम अँड ब्लूज' खुशाल लिहा. फक्त वाचकाला हेही सांगा की या मुलांनी पहिलं गाणं मुद्रित केलं तेव्हा ते नाव अजून रूढ व्हायचं होतं. बाल्टिमोरचा हा गट. नाव घेतलं मेरीलँडच्या राज्यपक्ष्याचं. 'इट्स टू सून टू नो' हे त्यांचं गाणं डेबोरा चेसलर या तरुणीने लिहिलं. दुकानात विक्रेतीचं काम करणारी ही मुलगीच त्यांची व्यवस्थापकही होती. नोव्हेंबर १९४८मध्ये हे गाणं 'बिलबोर्ड' या संगीतव्यवसायाच्या अमेरिकन साप्ताहिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या ज्या यादीत पहिलं आलं, त्या यादीचं नाव होतं 'रेस रेकॉर्ड्स'. इथे रेस म्हणजे शर्यत नव्हे, वंश. कृष्णवर्णीय गिऱ्हाइकांसाठी काढलेल्या तबकड्यांना कंपन्या १९२०च्या दशकापासून तसं म्हणत. कृष्णवर्णीयांची स्वतःची वर्तमानपत्रं 'रेस' हा शब्द अभिमानाने वापरत, पण विक्रेत्याच्या यादीत तो कुंपणासारखा उभा राहिला. जून १९४९मध्ये 'बिलबोर्ड'ने ते शीर्षक काढून 'रिदम अँड ब्लूज' केलं. हे नाव सुचवलं तिथल्याच जेरी वेक्सलर या पत्रकाराने. पुढे अटलांटिक या ध्वनिमुद्रिका कंपनीचा निर्माता म्हणून गाजला तोच हा. म्हणजे हा शब्द जन्मला बाजाराच्या यादीत. एखाद्या ठरावीक तालाचं किंवा स्वररचनेचं ते नाव नव्हे. म्हणून त्याचं 'ताल आणि विषाद' असलं भाषांतर करू नये, आहे तसाच ठेवावा.

'डू-वॉप' मी या तबकड्यांना लावणार नाही. गायकांच्या तोंडी असलेल्या निरर्थक अक्षरांवरून पडलेलं हे नाव छापील मजकुरात रुळलं १९६०च्या दशकात, आणि ते मागच्या सगळ्या गाण्यांवर सरसकट चिकटवलं गेलं. ओरिओल्सची सुरुवातीची गाणी कान देऊन ऐका. तिथे अक्षरांचा ठेका जवळपास नाहीच. संथ लय, मोजकी वाद्यं, मुख्य गायक सनी टिलचा अगदी जवळ येऊन बोलल्यासारखा आवाज आणि त्याच्या मागे लांबवलेले स्वर. १९४९च्या 'टेल मी सो'मध्ये तर शब्दांच्या वर एक उंच, शब्दहीन आवाज तरंगत राहतो. मला हे त्यांच्या सगळ्या कामातलं सर्वांत सुंदर वाटतं.

आता 'वृंदगान'. हा शब्द इथे दिशाभूल करतो. वृंदगान म्हटलं की आपल्या डोळ्यांपुढे एका सुरात गाणारा मोठा समूह येतो. इथे माणसं मोजकी आणि प्रत्येकाची जागा ठरलेली: टिल मुख्य गायक, अलेक्झांडर शार्प वरच्या पट्टीत, जॉर्ज नेल्सन मधल्या भारदस्त आवाजात, जॉनी रीड खर्जात, टॉमी गेथर गिटारवर. 'इट्स टू सून टू नो'च्या मधल्या कडव्यात टिल थांबतो आणि नेल्सन गाणं हाती घेतो. दोन आवाजांमधला तो फरक हाच त्या गाण्याचा प्राण आहे, आणि 'वृंद' शब्दात नेमका तोच हरवतो.

आपल्याकडे याच्या जवळ जाणारा शब्द आहे 'झील'. शाहीर पोवाडा गातो आणि झीलकरी ओळीचं शेपूट उचलून 'जी जी रं जी जी' करतात. पण झील बहुधा शाहिराची ओळ संपता संपता धरली जाते. ओरिओल्समध्ये मागचे आवाज मुख्य गायकाच्या बरोबरीने, वेगवेगळ्या स्वरांवर, एकाच वेळी चालू असतात. त्यामुळे समजावून सांगताना झीलकऱ्यांचा दाखला जरूर द्यावा, पण या गायकांना झीलकरी म्हणू नये. गटाला 'गायकगट' आणि मागच्या आवाजांना 'साथीचे आवाज' पुरेसं आहे.

१९५३च्या 'क्राइंग इन द चॅपल'पर्यंत आलात की नावाचा प्रश्नच उरत नाही. ते गाणं 'रिदम अँड ब्लूज' याच नावाच्या यादीत पहिलं आलं होतं.